मुलाखतीआधी कंपनीची माहिती काढायची म्हणजे नेमके काय पाहायचे?

प्रश्न

पुढील आठवड्यात एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत माझी मुलाखत आहे. मागे दुसऱ्या एका ठिकाणी ‘आमच्याविषयी काय माहिती आहे?’ असे विचारल्यावर मी स्थापनेचे वर्ष, शाखांची संख्या आणि ध्येयवाक्य घडाघडा म्हणून दाखवले होते. समोरचे गृहस्थ हसून म्हणाले, ‘हे तर आम्हीच लिहिले आहे. त्यावरून तुम्हाला काय वाटले, ते सांगा.’ मला काहीच सुचले नाही. या वेळी तसे होऊ नये म्हणून विचारतो आहे. ही कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध नाही, त्यामुळे बातम्यांतही तिच्याविषयी फारसे सापडत नाही.

प्रतिसाद १

मी बरीच वर्षे मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसलो आहे. पाठांतर आम्हाला लगेच ओळखू येते आणि खरे सांगायचे तर त्याचा कंटाळाही येतो. तुम्ही सुरुवात संकेतस्थळापासून न करता नोकरीच्या जाहिरातीपासून करावी. तीत मागितलेली कौशल्ये, कोणाच्या हाताखाली काम करायचे आहे याचा उल्लेख आणि त्याच कंपनीच्या इतर रिक्त जागा एकत्र वाचल्या, तर कंपनी कुठे वाढते आहे आणि कुठे अडली आहे याचा बराच अंदाज येतो. त्यानंतर वेबॅक मशीनवर त्यांच्या संकेतस्थळाच्या जुन्या प्रती उघडून पाहा. ही सोय २००१ पासून सर्वांसाठी खुली आहे. दोन वर्षांपूर्वी ठळकपणे मिरवलेले उत्पादन आज पानावर नसेल, तर त्याचे काय झाले हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

प्रतिसाद २

माझे काम हिशेबाचे आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो. सूचिबद्ध नसलेल्या कंपन्यांनाही अनेक देशांत निबंधकाकडे (कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) वार्षिक हिशेब सादर करावे लागतात आणि ते विनामूल्य किंवा अल्प शुल्कात पाहता येतात. त्यात आधी लेखापरीक्षकाचा अहवाल वाचावा; व्यवसाय पुढे चालू राहण्याविषयी त्याने शंका नोंदवली असेल, तर बाकीची पाने सावकाश वाचली तरी चालेल. मग नफ्याच्या शेजारी कामकाजातून आलेली रोख ठेवून पाहावी, कारण नफा कागदावर दिसला तरी पगार रोखीतूनच होतात. लहान कंपन्यांना ही रोख दाखवणारे रोख प्रवाहाचे विवरणपत्र देण्यातून सूट असू शकते. तसे असेल तर ताळेबंदातील ग्राहकांकडील येणी दोन वर्षांची ताडून पाहावीत. विक्री जागच्या जागी आणि येणी मात्र फुगत चाललेली असतील, तर पैसे वसूल होत नसण्याची शक्यता असते. अर्थात हे हिशेब काही महिने जुने असतात, हे विसरू नये.

प्रतिसाद ३

ग्लासडोअरसारख्या संकेतस्थळांवर कर्मचाऱ्यांनी आपल्या कंपनीविषयी लिहिलेली निनावी मते वाचताना सरासरी गुणांपेक्षा तारखांकडे लक्ष द्यावे. एकाच आठवड्यात एकाच छापाची पाच-सहा गोड मते आली असतील, तर ती कोणीतरी लिहून घेतली असावीत. एकाच विभागाविषयीची एकच तक्रार तीन वर्षे येत असेल, तर मात्र ती गंभीरपणे घ्यावी. लिंक्डइनवर त्या विभागातील माणसांची पाने पाहिली, तर ती साधारण किती काळ टिकली याचाही अंदाज येतो. तिथे तुम्ही कोणाचे पान पाहिले हे त्या व्यक्तीला कळू शकते, म्हणून संकोच वाटत असल्यास खासगी पद्धतीने पाहण्याची सोय वापरावी.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. काल रात्री शोधाशोध केली, तेव्हा हीच जागा गेल्या वर्षभरात तीनदा जाहीर झाल्याचे दिसले. हे मुलाखतीत काढले तर उद्धटपणा ठरेल का?

प्रतिसाद १

‘तुमच्याकडे माणसे का टिकत नाहीत?’ असे विचारलेत, तर ठरेल. त्याऐवजी ‘हे पद नव्याने निर्माण झाले आहे की कोणाच्या जागी भरायचे आहे, आणि आधीच्या व्यक्तीला यात सर्वांत अवघड काय गेले?’ असे विचारा आणि उत्तराआधी दोघे मुलाखतकार एकमेकांकडे पाहतात का, तेवढे बघा.