उद्या टाकी धुणार आणि बाबांची कोलोनोस्कोपी

सेक्रेटरी (ए-१०१), ५:४० संध्या.
सर्व सभासदांना विनंती. उद्या शुक्रवारी सकाळी ५ ते ११ वरच्या टाक्या धुतल्या जातील. पाणी भरून ठेवावे. 🙏

बी-३०१, ५:५२
सेक्रेटरी काका, उद्या नको ना प्लीज. आमच्या बाबांची उद्या ११ वाजता कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) आहे. पोट साफ करायची पावडर दोन लिटर पाण्यात कालवून द्यायची आहे, अर्धी आज रात्री, अर्धी पहाटे ५ वाजता. सारखं उठावं लागेल. बादल्यांवर कसं निभवायचं?

सी-२०४, ५:५८
अगं, दोन लिटर या वयात कसं जाईल त्यांना? त्यापेक्षा रात्री कोऱ्या चहात एरंडेल दे. आमच्या सासूबाई दर पंधरवड्याला सगळ्या घराला द्यायच्या. सकाळी कोठा एकदम मोकळा.

ए-४०२, ६:०१
माझ्याकडे पोट साफ करायच्या औषधाची मागच्या वर्षीची छोटी बाटली पडून आहे. ४५ मिलीच असतं, एका घोटात संपतं. मुलाबरोबर पाठवू का?

बी-३०१, ६:०३
पाठवा वहिनी. औषधाचा जग बघूनच बाबा "मला नाही जमायचं" म्हणून बसलेत.

डी-१०३, ६:०९
बाटली पाठवू नका! ड्यूटीवरून आत्ताच आले, मेसेज वाचले. मी एंडोस्कोपी विभागात सिस्टर आहे, हे रोज बघते. बी-३०१, बाबांना बीपी आणि शुगर आहे ना? किडनीचं काही?

बी-३०१, ६:११
हो ताई. क्रिएटिनिन थोडं वर असतं.

डी-१०३, ६:२४
मग तर नकोच. ४५ मिलीची ती बाटली म्हणजे बहुतेक सोडियम फॉस्फेट. पिणं सोपं, पण ते अंगातलं पाणी ओढून आतड्यात आणतं आणि त्यातलं फॉस्फेट किडनीत साचू शकतं. वय जास्त, बीपीच्या काही गोळ्या, किडनी आधीच नाजूक, अशांना धोका जास्त. अमेरिकेत २००८ साली औषध खात्याने यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. वहिनी, तुम्हाला चाललं म्हणजे यांच्या बाबांना चालेल असं नाही, दोघांच्या किडन्या वेगळ्या.
दोन लिटरची पावडर म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि सोबत क्षार. ती अंगात जवळपास शोषली जात नाही. स्वतःजवळ पाणी धरून ठेवते आणि आतडं वरपासून खालपर्यंत धुऊन काढते. क्षार मोजून घातलेले असतात, म्हणून अंगातलं पाणी आणि मीठ फारसं हलत नाही. पाणी कमी केलं तर सगळा हिशोबच बिघडतो.
काकू, एरंडेल आणि सोनामुखी आतड्याला पिळून काढतात. मुरडा येतो, दोन-तीनदा जावं लागतं, वाटतं झालं साफ. पण भिंतीला चिकटलेलं तसंच राहतं. सोनामुखीच्या गोळ्या डॉक्टर कधीकधी पावडरीच्या जोडीला देतात, पण ते त्यांनी सांगायचं. आपण घरात वाढवायचं नाही.

ए-१०४, ६:३१
ताई म्हणतात ते अगदी खरं. माझ्या वडिलांनी एक लिटर प्यायलं आणि उरलेलं गुपचूप बेसिनमध्ये ओतलं. आम्हाला म्हणाले, संपलं. आत दुर्बीण घातली तर डॉक्टरांना काही दिसेचना. अर्ध्यातून परत पाठवलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच उपास, तेच औषध, पुन्हा सुट्टी. मी त्यांच्याजवळ बसून राहिलो असतो तर एकदाच झालं असतं.

बी-३०१, ६:३५
मी बसते आज. ताई, चव फार खारट आहे हो. बाबांनी एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. काय करू?

डी-१०३, ६:४६
फ्रीजमध्ये गार कर. जगावर पेनने खुणा कर, दर पंधरा मिनिटांनी एक पेला. स्ट्रॉ जिभेच्या मागे ठेवून ओढायला सांग, चव कमी लागते. मधे गाळलेल्या लिंबूपाण्याचा घोट चालेल. उलटीसारखं वाटलं तर अर्धा तास थांब, मग पुन्हा सुरू. उलट्या थांबल्याच नाहीत किंवा पोट टम्म फुगून दुखलं तर पिणं बंद आणि लगेच डॉक्टरांना फोन.
आज दूध, भाजी, भाकरी काही नाही. नारळपाणी, वरणाचं वरचं गाळलेलं पाणी, कोरा चहा. लाल सरबत, कोकम नको, आत रक्तासारखं दिसतं. दोन दिवसांत पेरू किंवा टोमॅटो खाल्लाय का? बिया नळीत अडकतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शुगरच्या गोळीचं आत्ताच डॉक्टरांना विचार. उपाशीपोटी नेहमीची गोळी गेली तर साखर एकदम खाली येईल. रक्त पातळ करायची गोळी असेल तर तेही विचार. स्वतःच्या मनाने बंद करू नकोस.
शेवटी शेवटी लघवीसारखं पिवळसर, नितळ पाणी यायला हवं. गढूळ आलं तर सकाळी तिथल्या सिस्टरला आधी सांग.

बी-३०१, ७:०२
फोन केला. सकाळची शुगरची गोळी बंद. रक्त पातळ करायची गोळी चालू नाही. पेरू नाही, पण काल कोशिंबीर खाल्ली होती टोमॅटोची 😟 डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले, या तरीही, पण पूर्ण प्या.

सी-२०४, ७:०५
माझं एरंडेल आता घरच्याघरी ठेवते गं. पहाटे ५ ला मी येते तुझ्याकडे. तू थोडी पड, त्यांच्याजवळ मी बसेन.

सेक्रेटरी (ए-१०१), ७:१०
टाकीवाल्यांशी बोललो. टाक्या रविवारी धुतील. उद्या पाणी दिवसभर चालू राहील. बी विंगचा पंप पहाटे ४ ला मी स्वतः लावतो.

शुक्रवार
बी-३०१, १:२० दुपारी
झाली. बाबांनी शेवटचा पेला सकाळी सव्वासहाला संपवला, काकू समोर बसून होत्या. डॉक्टर म्हणाले, आतडं छान स्वच्छ होतं, म्हणून कोपऱ्यातला छोटा पॉलिप (आतड्याच्या भिंतीवरची गाठ) दिसला. तिथेच काढला, तपासणीला पाठवलाय. बाबा आता मऊ भात मागतायत. देऊ ना ताई?

डी-१०३, १:२४
तिथे कागद दिला असेल, त्यावर जेवणाचं काय लिहिलंय ते बघ. नाही म्हटलं नसेल तर दे. ताक घालून.