राज्यपालांना तारखा देणारं कोर्ट कोण?

कोथरूडकर: काल इथे 'पेठेतला' यांनी लिहिलं, "कोर्ट विधिमंडळाच्या डोक्यावर बसलंय, राज्यपालांना तारखा देणारे न्यायाधीश कोण?" राहवलं नाही म्हणून लिहितोय. अनुच्छेद २०० मध्ये वाटा तीनच: संमती द्या, विधेयक परत पाठवा, नाहीतर राष्ट्रपतींकडे द्या. कपाटात ठेवून देणं ही चौथी वाट नाही. उलट 'शक्य तितक्या लवकर' हे शब्द तिथेच आहेत. तामिळनाडूची दहा विधेयकं राज्यपालांकडे अडली, त्यातली काही २०२० पासूनची. ८ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, पुन्हा मंजूर होऊन आलेल्या विधेयकावर राज्यपालांना एक महिना, राष्ट्रपतींना तीन. यात कुरघोडी कसली?

पेठेतला: अर्धंच सांगताय. त्याच निकालात अनुच्छेद १४२, म्हणजे पूर्ण न्यायासाठी लागेल तो आदेश देण्याचा कोर्टाचा अधिकार, वापरून दहाही विधेयकं संमत मानली. सही राज्यपालांची, ती केली कोर्टाने! म्हणून राष्ट्रपतींनी अनुच्छेद १४३ खाली कोर्टाचं मत मागवत १४ प्रश्न विचारले. २० नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायाधीशांनी मुदतीही नाकारल्या आणि मानीव (सही नसताना धरलेली) संमतीही. विषय संपला.

औंधकर: संपला नाही, पुढचा भाग वाचा. परत न पाठवता नुसती संमती रोखता येत नाही, हे त्याच मतात आहे. कारण न देता बसून राहिले तर 'निर्णय घ्या' एवढा आदेशही कोर्ट देऊ शकतं. कोणता निर्णय, ते मात्र सांगणार नाही.

कोथरूडकर: आणि तारीख नसली की काय होतं ते आपल्याकडेच बघा. विधान परिषदेवर नेमायच्या १२ नावांची सरकारने राज्यपालांना दिलेली यादी नोव्हेंबर २०२० ची. ऑगस्ट २०२१ मध्ये उच्च न्यायालय म्हणालं, आठ महिने पुरेसे होते. पण राज्यपाल कोर्टाला उत्तरदायी नाहीत म्हणणारं अनुच्छेद ३६१ आडवं आलं, राज्यपालांना आदेश देता आला नाही. २०२२ मध्ये नव्या सरकारने यादीच मागे घेतली. शिवसेनेच्या आमदारांच्या अपात्रतेचंही तेच. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने विधानसभा अध्यक्षांना 'वाजवी वेळ' दिली, काही हललं नाही. कोर्टाने ३१ डिसेंबर, मग १० जानेवारी अशी तारीख घातली, तेव्हा निकाल आला.

पेठेतला: अध्यक्षांचं मान्य, ते तिथे न्यायाधिकरण म्हणून बसतात. राज्यपालांचं नाही.

हडपसरवाला: तुमचं चालू द्या, पण पुण्याच्या पक्षकाराने उच्च न्यायालयासाठी आणखी किती वर्षं सव्वासातची डेक्कन क्वीन पकडायची? १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (कायम नसलेलं खंडपीठ) सुरू झालं, सहा जिल्हे गेले, पुणे मुंबईकडेच. खासदार झोपलेत का?

औंधकर: खासदारांचा संबंधच नाही! १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याचं कलम ५१(३): मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मंजुरीने न्यायालयाच्या बैठकीची जागा ठरवतात. कायम खंडपीठ हवं तर ५१(२), राष्ट्रपतींचा आदेश. औरंगाबाद असंच झालं, १९८१ ला ५१(३), १९८४ ला कायम. मध्ये आव्हान दिलं, ते १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकलं नाही.

पेठेतला: आणि न्यायमूर्ती कुठून आणणार? मंजूर पदं ९४, तीही भरलेली नाहीत. मुंबई, नागपूर, औरंगाबाद, गोवा, आता कोल्हापूर. आणखी वाटलेत तर सगळीकडेच बोर्ड (रोजच्या खटल्यांच्या याद्या) रखडतील.

हडपसरवाला: म्हणजे पुण्याच्या वेळीच तुम्हाला पदं मोजायची आठवण होते! कोल्हापूरला का नाही झाली?

पेठेतला: आवाज चढवू नका. ५१(३) ची वाट खुली आहे, एवढं मान्य करतो.

कोथरूडकर: मग तीच मंजुरी बघा. ती राज्यपालांचीच, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, आणि तिलाही मुदत लिहिलेली नाही. पुण्याचा प्रस्ताव तिथे अडकला तर कोणाकडे जाणार आहात?