शाउट टू की शाउट ॲट?

‘इंग्रजी क्रियापदापुढचं प्रीपोझिशन (टू, ॲट, ऑन असले छोटे शब्द) पाठच करायचं, त्यात तर्क नसतो’ हे मत मला निम्मंच पटतं. डिपेंड ऑन, कन्सिस्ट ऑफ यांना इलाज नाही, घोका. पण एकाच क्रियापदाला दोन चालतात तिथे तर्क बघा. दाभोळच्या जेटीवर तांडेल (होडीचा म्होरक्या) खलाशाला ‘दोर पकड रे’ ओरडून सांगतो, ते शाउट टू. दोर निसटल्यावर त्याच्यावर खेकसतो, ते शाउट ॲट. दोर थ्रो टू केला तर समोरच्याने झेलायचा, थ्रो ॲट म्हणजे नेम धरून अंगावर भिरकावलेला. लाफ ॲट, पॉइंट ॲट त्याच माळेतले. आपली मुलं ‘शाउट ऑन’ लिहितात ती मराठीतल्या ‘माझ्यावर ओरडला’मुळे, आणि मास्तर नुसती लाल रेघ मारतात!