प्रीती 'अपकार स्मरत नाही', मग माझ्या वहीचं काय करू?

बावड्याची_लेक
सर्वांना सलाम. मी कोल्हापुरात कसबा बावड्यात राहते, शिवणकाम करते. 2016 साली धाकट्या भावाला पतसंस्थेचं कर्ज पाहिजे होतं, पप्पा जामीन राहिले. त्यानं हप्ते थकवले आणि गाव सोडलं. वसुलीवाले दारात. पप्पांची पेन्शन आणि माझी मशीन, दोन्ही मिळून 1,85,000 रुपये फेडले. एकेक हप्ता निळ्या वहीत तारखेसकट लिहिलाय. पप्पा गेले तेव्हा मातीलाही तो आला नाही.

आता परत आलाय. साखरेच्या आजारानं डाव्या पायाचा अंगठा काढलाय, रंकाळ्याजवळ एका खोलीत एकटा पडलाय. चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी बायबलातल्या पहिल्या करिंथ पत्राचा 13वा अध्याय घेतला. 'प्रीती अपकार स्मरत नाही' एवढं ऐकलं आणि पुढचं काही कानात शिरलंच नाही. वही मशीनच्या खणात आहे. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला हात पुढं करवला नाही.

विनाअट प्रीती म्हणजे घडलंच नाही असं धरायचं का? त्यानं अजून माफीसुद्धा मागितलेली नाही.

शाहूपुरीकर
ताई, त्या वचनातला मूळ ग्रीक शब्द हिशेबाचा आहे, खात्यावर मांडून ठेवणं असा. विसरा असं ते पत्र लिहिणारा पौल म्हणत नाही, येणं म्हणून धरून ठेवू नका म्हणतो. प्रभूच्या प्रार्थनेतही 'ऋण' असा हिशेबाचाच शब्द आहे बघा. पण पुन्हा कुठं सही करू नका. जामीन राहण्याबद्दल बायबलातल्या नीतिसूत्रांत चार-चारदा बजावलंय. प्रीती करा, जामीन राहू नका.

निवृत्त_सिस्टर
बाळ, मी मिरजेला वानलेस हॉस्पिटलात शिकले. वानलेस डॉक्टरांनी ते 1894 साली सुरू केलं. तिथं जखमा पुष्कळ धुतल्या, पण प्रीती शिकले ती घरी.

सासूबाईंनी मला कधी आपलं मानलं नाही. शेवटी अंथरुणाला खिळल्या, तेव्हा अकरा महिने मीच सगळं केलं. पहिले चार महिने नुसते हात चालत होते, मन दगड. अंग पुसायचं पाणी बोट बुडवून बघायची आणि कामाला लागायची. एक दिवस लक्षात आलं, मी कोपर बुडवून बघतेय, तान्ह्या बाळाच्या आंघोळीला बघतात तसं. कधीपासून, ते मलाही ठाऊक नाही. त्यांनी तोवर एक गोड शब्द काढला नव्हता, नंतरही नाही.

येशूनं शिष्यांचे पाय धुतले तेव्हा यहूदा उठून गेला नव्हता. तो आपल्याला धरून देणार हे प्रभूला माहीत होतं, तरी त्याचेही पाय धुतले. मन तयार व्हायची वाट बघू नकोस, जा. आणि एक ध्यानात ठेव, साखरेच्या पायाला चटका कळत नाही. पाणी कोमट आहे का ते तुझ्या कोपरानं बघ, त्याला विचारू नकोस. पाय भिजत ठेवायचा नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या कर. जखमेचं मात्र डॉक्टर सांगतील तसंच.

बावड्याची_लेक
सिस्टर, काल केएमटीच्या बसनं गेले. भाकरी आणि मेथीची भाजी नेली. तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं तसं ड्रेसिंग केलं. टाच पप्पांसारखीच आहे, भेगाळलेली. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मशीन तीच आहे?" मी म्हटलं, व्हय, तीच. माफीचा विषय निघाला नाही.

शाहूपुरीकर दादा, पैसे त्याच्या हातात देणार नाही, तेवढं पक्कं आहे.

वही अजून खणात आहे, फाडवली नाही. येताना गॉज, पट्टी आणि सलाईन घेतलं, 210 रुपये झाले. ते वहीत मांडले नाहीत. उद्या पुन्हा जायचंय, ड्रेसिंग एक दिवसाआड आहे.