‘एवढी माया असेल तर आधी दत्तक घ्या’ म्हणणाऱ्यांना

एमआयडीसीवाला, जळगाव
काल एकाने लिहिलं, “लोक सावत्र पोरं कंपनीच्या मेडिक्लेममध्ये घुसवतात आणि प्रीमियम सगळ्यांचा वाढतो. एवढी माया असेल तर आधी दत्तक घ्या.” वाचून डोकं सणकलं.

माझी पहिली बायको वारली. नंतर मी एका विधवेशी लग्न केलं. माझी मुलगी आठवीत, तिची सहावीत. दोघी एका ताटात जेवतात. एकीचं नाव पॉलिसीत आहे, दुसरीचं नाही. एचआरने धाकटीचं आधार हातात घेतलं, वडिलांच्या नावावर बोट ठेवलं आणि परत केलं.

दत्तक घ्या म्हणे! १९५६ चा हिंदू दत्तक कायदा वाचा आधी. घरात मुलगी हयात असताना दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. आयकराच्या १९६१ च्या कायद्याने सावत्र मूल मुलांतच धरलं. केंद्राच्या कर्मचाऱ्यांच्या १९४४ च्या वैद्यकीय नियमांतही ते आहे. मग कंपनीलाच काय अडचण?

पारोळेकर
भाऊ, मी क्लेमचंच काम करतो. ग्रुप पॉलिसी हा कंपनी आणि विमावाल्यांतला करार. डिपेंडंटच्या, म्हणजे अवलंबून असलेल्या घरच्यांच्या, व्याख्येत सावत्र मूल नसेल तर टीपीए, म्हणजे क्लेम तपासणारी मधली कंपनी, क्लेम परत पाठवणारच, एचआरशी भांडून उपयोग नाही. लग्नानंतर नावं घालायची मुदत बहुतेक ठिकाणी ३० दिवस. ती गेली की रिन्युअलपर्यंत थांबा. तुम्ही अर्ज कधी दिला ते लिहिलंच नाही. आणि कायद्यांची यादी देताय तर १९४८ चा ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा, कायदाही सांगा. त्यात औरस आणि दत्तक मूल होतं, सावत्र नव्हतं.

धुळ्याची ताई
नाव घालूनही दातांचं काय? माझ्या सख्ख्या मुलाच्या दातांना तार बसवली, एक रुपया मिळाला नाही. अपघात होऊन ॲडमिट झालं तरच दात धरतात म्हणे. त्यावर कोणी भांडत नाही.

सरळमार्गी, चाळीसगाव
ती पोस्ट माझीच, आणि मी मागे घेत नाही. आमच्याकडे प्रीमियमचा हिस्सा पगारातून कापतात. कित्येक पोरांचा बाप जिवंत असतो, कमावता असतो, खर्च त्याने करावा. आणि कायदा आड येतो हे खरं नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली सावत्र पालकालाही दत्तक घेता येतं. आदेश आता जिल्हाधिकारी देतात.

रावेरची लेक
दत्तक म्हणजे काय ते कळतं का? जुन्या घराशी नातं कायद्याने तुटतं. माझ्या बहिणीचा नवरा गेला, तिने दुसरं लग्न केलं. पोरीच्या आजोबांची केळीची बाग आहे, स्वतः घेतलेली. ते मृत्युपत्र न करता गेले तर मेलेल्या मुलाची मुलगी म्हणून तिचा वाटा पहिल्या वर्गातल्या वारसाचा. दत्तक दिली की तो गेला. काकांनी म्हणूनच “दत्तक देऊन टाका” असा धोशा लावला होता. बहीण सहीला बसणार होती, मी कागद ओढून घेतला.

सरळमार्गी, चाळीसगाव
म्हणजे बाग तिकडची आणि विमा इकडचा. दोन्ही हातांत लाडू पाहिजेत.

रावेरची लेक
तोंड सांभाळून बोला. बाप मेलेल्या पोरीचा हक्क तुम्हाला लाडू वाटतो? तिच्या बापाने त्या बागेत रात्री-रात्री लाईटची वाट पाहून पाणी भरलंय.

पारोळेकर
जे आधीच तिच्या नावावर झालं ते दत्तकानंतरही तिचंच राहतं. पुढचं जातं, हे मात्र खरं.

अमळनेरचा, सध्या न्यू जर्सी
माझंही दुसरं लग्न. इथे लग्न झालं की ३० दिवसांत नाव घालता येतं. कंपनीने बायकोचा विवाहदाखला आणि मुलाचा जन्मदाखला मागितला, दत्तकाचा विषयही निघाला नाही. दातांची पॉलिसी वेगळी होती, तिचा फॉर्म वेगळा भरावा लागला.

सरळमार्गी, चाळीसगाव
अमेरिकेचं आम्हाला नका सांगू भो. बाप वारलेला असेल आणि कंपनीने करारात लिहून पैसे स्वतः भरले, तर माझी हरकत नाही. एवढंच मान्य. माझ्या पगारातून नको.

एमआयडीसीवाला, जळगाव
तुमच्या पगारातून मी मागितलंच नव्हतं. पारोळेकर, लग्न झालं त्याच आठवड्यात अर्ज दिला होता, तोंडी नकार मिळाला. आमचं रिन्युअल एप्रिलला आहे. विवाहदाखला, धाकटीचा जन्मदाखला आणि तिच्या वडिलांचा मृत्यूदाखला जोडून, डिपेंडंटच्या व्याख्येत सावत्र मूल घाला असा अर्ज उद्या देतोय. पोच घेणार आणि उत्तर लेखी मागणार. आमच्याच लाईनवर आणखी दोघांच्या घरी हाच प्रश्न आहे. त्यांच्याही सह्या घेतल्यात.