अभ्यासिका गावाची, मग मुलींनी संध्याकाळी सहालाच का उठायचं?

माणगंगा

आमच्या गावात ग्रामपंचायतीची अभ्यासिका आहे. जुन्या चावडीची मोठी खोली, चोवीस खुर्च्या, टेबलांवर प्लायवूडचे आडोसे, एक इन्व्हर्टर. दारावर पाटी: मुले सकाळी ६ ते रात्री ११, मुली सकाळी ६ ते सायंकाळी ६.

परवा सहाला पाच मिनिटं कमी होती. माझं उत्तर निम्मं लिहून झालं होतं. सांभाळणारे काका मायाळू आहेत, तोंडानं काही म्हणत नाहीत. जवळ येतात आणि टेबलावरचा दिवा बंद करतात. मी वही मिटली, रजिस्टरमध्ये बाहेर जायची वेळ लिहिली, ५.५८. मग मागची पानं उलटून पाहिली. मुलींच्या नावापुढं सगळीकडे ५.५०, ५.५५. मुलांच्या नावापुढं १०.४०, १०.५५.

दिवसा मुलगी मोकळी असते कुठं? सकाळी पाणी, भाकऱ्या, धुणं. डाळिंबाचा माल निघत असला तर दुपारही गेली. डोकं शांत ठेवून बसायची वेळ संध्याकाळीच मिळते, आणि तेव्हाच आम्हाला उठवतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. उत्तरं लिहायची आणि एकमेकांची तपासायची, हाच आता खरा अभ्यास. आमच्याकडं हे तपासणं रात्री सात ते नऊ चालतं. म्हणजे फक्त मुलांचं. सरकारी भरतीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गातल्या तेवढ्या जागा राखीव, ते ऐकून गाव म्हणतं, तुमचं काय, सोपंच आहे. त्या जागेपर्यंत पोचायचं कसं, हे कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं: सगळ्यांना एकच वेळ, रात्री नऊ. आणि चावडीपासून ओढ्यापर्यंतच्या रस्त्यावर दिवे.

दोन लेकींचा बाप

पोरी, तुझा राग मला कळतो. मोठी माझीही पोलीस भरतीची तयारी करते, आठशे मीटर पळायला पहाटे मीच तिच्याबरोबर जातो. तरी मी सहाच्या बाजूनं आहे.

ओढ्याजवळच्या पारावर कोण बसतं, तुलाही माहीत आहे. कुणी अंगाला हात लावेल ही भीती एक. पण त्याहून मोठी भीती नाव निघायची आहे. उद्या पाच जणी आठ वाजता त्या रस्त्यानं आल्या, एकीला कुणी काही बोललं आणि ते गावात झालं, तर दुसऱ्या दिवसापासून पाचही जणी घरात. आणि घरात बसवणारे आम्हीच असू, हे खरं तेच सांगतो. पाहुण्यांच्या कानावर गेलं तर दारात आलेली सोयरीक मागं फिरते. सहाची वेळ आहे म्हणून निदान सकाळपासून सहापर्यंतचं तरी तुमच्या हातात राहिलंय. जास्तीच्या मागं लागून असलेलं घालवू नका.

रानवाट

काका, पारावर बसणाऱ्यांची नावं तुम्हाला माहीत, मला माहीत, त्यांच्या आईबापांनाही माहीत. त्यांच्या घरी जाऊन आजवर एक तरी माणूस बोललाय का? पाटी त्यांच्यासाठी लावा की. रात्री सातनंतर पारावर बसायला बंदी. खोड कुणाची आणि वेळ कुणाची कापताय?

माजी सदस्य

नियम झाला तेव्हा मी पंचायतीत होतो, म्हणून लिहितो. कुणाला डांबून ठेवायचं म्हणून तो केला नव्हता. तिघा-चौघा पालकांनी तोंडी सांगितलं, आम्ही पाटी लावली. ग्रामसभेत ठराव वगैरे काही नाही.

आता व्यवहाराचं. रस्त्याचे दिवे लावले तर वीजबिल आलं, दर दोन महिन्यांनी एक दिवा फुटतो तोही आला. सांभाळणाऱ्याचं मानधन तुटपुंजं आहे, मुलींसाठी रात्री एखाद्या बाईला बसवायचं तर दुसरं मानधन. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात, ते आमच्या वेळी शिलाई मशीन आणि भांडी वाटण्यात जायचे. तो पैसा इकडं वळवता येईल.

माझी सूचना अशी की जुनी अंगणवाडीची खोली रिकामी आहे, ती मुलींना वेगळी द्यावी. गावाच्या मधोमध आहे, ओढा लागत नाही. सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव बघा. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरातला टीव्ही, मोबाइल बंद. सगळ्यांनी मनावर घेतलं की गाव वेळ पाळू शकतं.

माणगंगा

ठराव नाही हे आज पहिल्यांदा कळलं. तीन वर्षं मी त्या पाटीला कायदा समजत होते!

वेगळी खोली नको. पुस्तकांचं कपाट चावडीत, वर्तमानपत्रं चावडीत, ज्यानं मुख्य परीक्षा दिली आहे आणि जो उत्तरं तपासतो तो मुलगाही चावडीत. आम्हाला खोली मिळेल आणि वर्षभरात तिथं खताची पोती येतील. गावाच्या शाळेत आम्ही सातवीपर्यंत एका वर्गात बसलो, तेव्हा कुणाला भिंत लागली नाही.

सातवं वर्ष

मी त्या चोवीस खुर्च्यांपैकी एकीवर बसणारा. वय २९. रजिस्टरमधल्या १०.५५ मध्ये माझी सही असते.

आम्हाला अकरापर्यंतची मोकळीक आहे असं वरून दिसतं. खरं सांगू? नऊनंतर मी पान उलटत नाही. घरी जायचं नाही म्हणून बसतो. लवकर गेलो तर वडील जागे असतात. ते काही बोलत नाहीत, ताट पुढं सरकवतात आणि बाहेर जाऊन बसतात. त्या न बोलण्यापेक्षा अभ्यासिकेतली खुर्ची बरी. अकरापर्यंत बसणारे आम्ही सहा जण आहोत आणि सहाही जणांचं असंच आहे. एक मित्र मधे फार खचला होता, रात्र रात्र झोपायचा नाही. तेव्हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आम्ही कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आतून, कारण बाहेरून लावायची लाज वाटली.

म्हणून माझं मत: नऊला सगळ्यांसाठी कुलूप लावा. मुलींची वेळ वाढवायची तशी आमची कमी करा. मुली रात्री आल्या तर मुलांचं लक्ष लागणार नाही असं मीही पूर्वी म्हणायचो. लक्ष माझं तसंही नव्हतं, त्याचा दोष त्यांच्यावर कशाला?

दोन लेकींचा बाप

बाळा, तुझं वाचून कसंतरी झालं. तुझे वडीलही बाहेर बसून झोपत नसतील. एकदा तूच आधी बोल त्यांच्याशी.

पण माणगंगा, माझ्या भीतीचं उत्तर अजून मिळालं नाही.

वस्तीवरची

बारावीत आहे. आमची वस्ती गावठाणापासून तीन किलोमीटर. मानव विकास योजनेची, मुलींसाठीची निळी बस कॉलेजातून साडेपाचला आणून सोडते, तिथून शेतातून चालत घर. माणगंगाताई, तुमची वेळ नऊ झाली काय आणि अकरा झाली काय, मला त्याचा उपयोग शून्य. तुम्ही ‘मुली’ लिहिता तेव्हा त्यात गावठाणातल्या मुली असतात. वस्तीवर रात्री शेतीपंपाची थ्री फेज वीज आली की घरचे पाणी धरायला जातात, धाकटा भाऊ माझ्याजवळ असतो.

कपाटातली पुस्तकं घरी द्यायची सोय करा. आता तिथं पाटी आहे, ‘फक्त येथेच वाचावीत’. एकेका पुस्तकाची एकच प्रत आहे, ती दिवसभर कुणाच्या तरी टेबलावर पडलेली असते. आणि उत्तर तपासणी रविवारी सकाळी ठेवली तर आम्ही चौघी येऊ शकतो.

माणगंगा

तुझं बरोबर आहे. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि येता-जाता मी ती पाटी रोज वाचते. पंचायतीला द्यायच्या अर्जात पुस्तकांचं पहिलं घालते, वेळेचं दुसरं. रविवारच्या तपासणीला कुणाची परवानगी लागत नाही, येत्या रविवारी आठला या.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यावीच लागते. आमच्याकडं ती सह्यांपुरती होते, रजिस्टर घरोघर फिरतं. या वेळी घरी सही करायची नाही, चावडीत येऊन करायची, असं मी आणि सहा जणींनी ठरवलंय. काका, तुमच्या घरच्यांनाही पाठवा. भीतीचं उत्तर माझ्या एकटीकडं नाही. आयाबाया तिथं बसून बोलतील तेव्हा काहीतरी निघेल.

दोन लेकींचा बाप

पाठवतो. पण माझं मत मी सोडलेलं नाही. आधी दिवे, मग वेळ. आणि नऊ नाही, आठ. दिवे लागले तर पहिला महिनाभर संध्याकाळी मी चावडीच्या ओट्यावर बसेन. पारावरच्यांपैकी एक माझा पुतण्याच आहे, त्याच्याशी आजच बोलतो.

माणगंगा

आठला आमची तपासणी निम्म्यावर येते, काका. साडेआठ तरी करा.

माजी सदस्य

वेळेचं ग्रामसभेत बघू. अर्जात ‘दिवे लावावेत’ एवढंच लिहिलं तर कागद पडून राहतो. खांबांचे नंबर लिहा. कुठल्या खांबावर दिवा आहे, कुठल्या खांबावर नुसता वीजचोरीचा आकडा लोंबतोय, तेही.

माणगंगा

आत्ताच जाऊन आले. चावडी ते ओढा नऊ खांब, दिवे दोन. तिसऱ्या खांबाचा नंबर पुसलाय, तो उजेडात पुन्हा बघते.