जाळपट्टा काढूनही वणवा आत आला, या वर्षी काय वेगळं करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भोर तालुक्यात डोंगरउतारावर आमची अडीच एकर वडिलोपार्जित जमीन आहे. वरच्या अंगाला वनखात्याचं रान, खाली कुणाचंतरी पडीक, एका बाजूला गावाचं गायरान. तीन पावसाळे आम्ही चौघं दर रविवारी पुण्याहून जाऊन झाडं लावतोय, करंज, आपटा, बहावा, कडुनिंब अशी ४०० च्या आसपास झाली होती, आणि गेल्या मार्चमध्ये एका दुपारी खालच्या पडीकातून आग आली ती अर्ध्या तासात सगळा उतार काळा करून गेली. निम्म्याच्या वर रोपं गेली, ठिबकचे पाईप वितळून दगडांना चिकटलेत ते अजून खरवडतोय.

जाळपट्टा, म्हणजे आग अडवायला गवत साफ केलेली पट्टी, काढला नव्हता का म्हणाल, तर काढला होता हो! जानेवारीअखेर ब्रशकटर भाड्याने आणून चारी बाजूंनी ५-६ फुटांचा पट्टा मारला, पण कापलेलं गवत तिथंच पडू दिलं, म्हटलं कुजेल. पाऊस नसताना काय कुजतंय कपाळ. आग त्याच वाळल्या गवतावरून आरामात चालत आली.

अजून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. रोपं वाचावीत म्हणून आम्ही कुंपण घालून गुरं बंद केली, त्यामुळे आत कुसळी गवत कमरेपर्यंत, आणि शेजारच्या गायरानात जिथे रोज गुरं फिरतात तिथे आग घोट्याएवढी येऊन आपोआप विझली. म्हणजे जळण आम्हीच साठवलं की!

तर आता पट्टा किती रुंद ठेवायचा, गवत कधी कापायचं? आळ्यात ओल टिकावी म्हणून पालापाचोळ्याचं आच्छादन करतो, त्यानेच बुंधे भाजले असं दिसतंय, मग आच्छादन करायचं की नाही? गावातले एक आजोबा म्हणतात, "अरं जाळल्याबिगर नवं गवत चांगलं येत न्हाई," त्यांना काय सांगायचं? आणि कडेने घायपात लावून काही उपयोग होतो का?

माळरान:
५ फूट म्हणजे पायवाट झाली हो. वारा असला की ज्वाळा आडव्या होतात. खालच्या अंगाला निदान २० फूट ठेवा कारण आग चढावर पळते, वरच्या बाजूला कमी चालेल. खात्याची माणसं जाळरेषा कशी काढतात बघा, दोन समांतर चिंचोळ्या पट्ट्या साफ करतात आणि मधलं गवत पहाटे दव असताना जाळून टाकतात, हे सगळं १५ फेब्रुवारीच्या आत. पण तुम्ही एकट्याने काडी लावायला जाऊ नका, वनरक्षकाला सोबत घ्या. १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगल धोक्यात येईल अशी आग पेटवणं गुन्हा आहे. नाहीतर सरळ कापून उचला. घायपात रसाळ असते, लवकर पेट घेत नाही, पण तिच्या बुडाशी गवत माजलं की काही उपयोग नाही.

खोरेकर:
आजोबा अगदीच खोटं नाही बोलत. जुनं वाळकं गवत जळलं की ठोंबातून एप्रिल-मेमध्ये हिरवे कोंब दिसतात, गुरांना तेवढाच आधार. पण तेच गवत ऑक्टोबर-नोव्हेंबरला अर्धवट हिरवं असताना विळ्याने कापलं तर चांगला चारा मिळतो आणि रान मोकळं होतं. गावातल्या दोन-तीन घरांना फुकट कापून न्यायला सांगा, चराई बंद पण कापणी चालू. तुमची मजुरी वाचते, आणि ज्याची वैरण तिथे आहे तो कशाला काडी टाकेल?

माळरान:
आच्छादनाचं राहिलं. फेब्रुवारी लागला की पालापाचोळा बाजूला ओढा आणि बुंध्याभोवती हात-दोन हात दगड रचा, ओलही टिकते. आणि जळालेली रोपं घाईने उपटू नका, नखाने साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर पावसाच्या तोंडावर जमिनीलगत छाटा, बरीच बुडातून फुटतात.

धागाकर्ता:
अरेरे, ३०-४० तर आम्ही एप्रिलमध्येच उपटून टाकली. बाकीची येत्या रविवारी खरवडून बघतो. कापणीचं आवडलं, आजोबांनाच पहिल्यांदा विचारतो, त्यांच्या दोन म्हशी आहेत. एकच शंका, वनखात्याच्या सॅटेलाइट अलर्टसाठी मोबाइल नंबर नोंदवलाय, त्याच्यावर विसंबावं का?

खोरेकर:
नोंदवलात ते बरं केलंत, पण सॅटेलाइट दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो आणि तुमचा उतार अर्ध्या तासात जळतो. गायरानात गुरं वळणाऱ्या पोरांचे नंबर घेऊन ठेवा, धूर त्यांना आधी दिसतो.